पुण्यात गोगलगायीचा जीनोम करून घ्यायचाय? एका सीक्वेन्सिंग लॅबचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली सांगतेच, पण मुद्दा आधीच सांगून टाकते, ज्यांच्या हातात धोक्यात आलेल्या प्रजातीचं सॅम्पल आहे त्यांनी लॅब निवडताना 'एका जीबी डेटाला किती रुपये' हे सगळ्यात शेवटी विचारा. सगळ्यात आधी हे विचारा की डीएनए चांगला नाही निघाला तर तुम्ही काम थांबवून मला फोन करणार का, का तसंच डीएनए वाचणाऱ्या मशीनवर टाकून बिल पाठवणार. या लॅबने काम थांबवून फोन केला, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय.

लॅबचं नाव लिहीत नाही कारण तक्रारीपण आहेत आणि छोटी टीम आहे, पण पश्चिम पुण्यातली खासगी लॅब आहे, एक्स्ट्रॅक्शनपासून (टिश्यूतून डीएनए काढणं) असेंब्लीपर्यंत (वाचलेले तुकडे जोडून जीनोम, म्हणजे प्राण्याचा सगळा डीएनए, उभा करणं) सगळं करून देतात, आणि पुण्यात जे कोणी प्राण्यांच्या जीनोमवर काम करतात त्यांना एवढ्यावरून अंदाज येईल. मी स्वतः पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करतेय, विषय धोक्यातल्या गोगलगायींची उत्क्रांती, जीनोमच्या अंगाने.

आमची गोगलगाय कोणती ते सांगायलाच हवं कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. क्रेम्नोकॉन्कस नावाचा वंश आहे, ब्लॅनफर्डने १८६९ साली नाव दिलेला, जगात फक्त सह्याद्रीत सापडतो. पावसाळ्यात घाटात उभ्या कातळावरून जे पाणी झिरपत असतं आणि धबधब्याच्या बाजूला जिथे सतत तुषार उडतात तिथे, काळ्या ओल्या दगडाला चिकटलेल्या करंगळीच्या नखाएवढ्या किंवा त्याहून लहान गोगलगायी दिसतात, त्याच. आता यातली खरी गंमत अशी की हिचं सगळं खानदान समुद्रातलं आहे! लिटोरिनिडी हे कुळ म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेले छोटे शंख, गुहागर-हरिहरेश्वरला ओहोटीच्या वेळी खडक बघितले असतील तर दिसले असतील, आणि त्या अख्ख्या कुळातला हा एकच वंश गोड्या पाण्यात, तेही डोंगराच्या कड्यावर येऊन राहिलाय. पूर्वी तीनच प्रजाती माहीत होत्या, २०१३ मध्ये मोठा अभ्यास छापून आला त्यात नव्या प्रजातींची भर पडली, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या घाटांतून. एक एक प्रजाती थोड्याच कड्यांपुरती असते, त्यामुळे रस्ता रुंद करताना एखादा कडा फोडला किंवा वरच्या ओढ्याचं पाणी वळवलं की तिथली वस्ती खलास, पळून जायला जागाच नाही. आणि पावसाळी शनिवार-रविवारी ताम्हिणी-लोणावळ्याकडे धबधब्याखाली काय चालतं ते पुणेकरांना मी सांगायला नको, शॅम्पूच्या पुड्यांसकट.

प्रश्न असा आहे की समुद्रातून गोड्या पाण्यात येताना जीनोममध्ये नक्की काय बदललं, आणि आता ज्या थोड्या वस्त्या उरल्यात त्यांच्यात जनुकीय विविधता किती शिल्लक आहे. यासाठी नुसतं एखाद-दुसरं जीन वाचून भागत नाही. हिच्या युरोपातल्या नातेवाइकावर, लिटोरिना सॅक्सॅटिलिसवर, खूप काम झालंय, तिथे खेकड्यांच्या जागेत राहणारे आणि लाटांच्या मारात राहणारे असे दोन प्रकार एकाच किनाऱ्यावर सापडतात आणि त्यांच्यातला बराचसा फरक इन्व्हर्जन्समध्ये, म्हणजे गुणसूत्राचे उलटे बसलेले लांबलचक तुकडे असतात त्यांच्यात बांधलेला आहे. असले तुकडे छोट्या रीड्समधून (रीड म्हणजे मशीनने एका दमात वाचलेला डीएनए) नीट पकडता येत नाहीत, त्यांच्या टोकांना बहुतेकदा रिपीट्स, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे सारखे भाग असतात, दीडशे बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) रीड तिथे जाऊन हरवतो. म्हणून लाँग रीड. आणि लाँग रीडसाठी लागतो लांब, अखंड, स्वच्छ डीएनए, जो गोगलगायीकडून मिळवणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

थोडं सविस्तर सांगते, कारण लॅबची परीक्षा इथेच होते. गोगलगायीच्या अंगात चिकट म्यूकस असतो, त्यातली पॉलिसॅकराइड्स डीएनएबरोबरच पाण्यात उतरतात आणि डीएनएबरोबरच अल्कोहोलमध्ये खाली बसतात. ट्यूबमध्ये पांढरा पुंजका दिसतो, माणूस खूश होतो, आणि विरघळवायला गेलं की जेलीसारखं काहीतरी टिपमध्ये वर चढतच नाही. डीएनए काढायच्या साध्या कॉलम किटमध्ये हे घातलं की कॉलम तुंबतो. डीएनए मोजायच्या दोन यंत्रांपैकी नॅनोड्रॉपवर आकडा भरघोस येतो आणि क्यूबिटवर मोजलं की त्याचा बारीकसा भागच खरा डीएनए निघतो, कारण नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरला जे काही प्रकाश शोषतं ते सगळं मोजतो आणि क्यूबिटचा रंग फक्त दुहेरी धाग्याच्या डीएनएलाच धरतो. शुद्धता दाखवणारा २६०/२८० हा रेशो (त्या दोन तरंगलांबींना शोषलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर) १.८ च्या आसपास छान दिसत असतो, सगळं ठीक वाटतं, पण २६०/२३० बघा, तो दोनच्या आसपास हवा आणि इथे एकच्याही खाली गेलेला असतो. लाँग रीडची दोन तंत्रं, नॅनोपोर आणि पॅकबायो; हा असा माल नॅनोपोरवर टाकला की पोअर, म्हणजे डीएनए जिथून जातो ती छिद्रं, पटापट बंद पडतात, पॅकबायोची लायब्ररी (मशीनसाठी तयार केलेला डीएनए) करायला घेतली की एन्झाइम चालत नाहीत. पैसे गेले ते गेलेच, सॅम्पलपण गेलं.

आणि सॅम्पल मुळात किती असतं? एवढ्याशा जिवाच्या पायाचा स्नायू. पोटाकडचा भाग घेता येत नाही कारण तिथे खाल्लेलं शेवाळ आणि बॅक्टेरिया, त्यांचा डीएनए भरमसाट येतो. शक्यतो एक-दोन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवून पोट रिकामं करून घ्यायचं, शंख काढायचा, तोंडावरचं झाकण बाजूला करायचं, आणि फक्त पाय तेवढा लिक्विड नायट्रोजनमध्ये. यापूर्वी ज्या दुसऱ्या एका लॅबला विचारलं होतं (पुण्याबाहेरची) त्यांचं उत्तर होतं, मटेरियल कमी पडतंय तर दहा-पंधरा प्राणी एकत्र वाटून पाठवा. म्हणजे एक तर धोक्यात आलेल्या प्रजातीचे दहा-पंधरा जीव मारायचे, आणि वर त्या असेंब्लीचा उपयोग नाही, दहा प्राणी म्हणजे वीस वेगवेगळ्या प्रती, सॉफ्टवेअर त्यांना वेगवेगळे भाग समजून जीनोम फुगवून ठेवतं. हे मी समजावून लिहिलं तरी त्यांनी एक चाचणीचं सॅम्पल न विचारता तसंच रन केलं, रीड्स जेमतेम आले, त्यातले बरेच बॅक्टेरियाचे, आणि बिल पूर्ण. वाद घालून काही झालं नाही. ते सॅम्पल ज्या कड्यावरचं होतं तिथे परमिशन परत मिळवायची म्हणजे वनखात्यात पुन्हा पहिल्यापासून अर्ज, आणि प्रश्न परमिशनचाही नाही, त्या वस्तीतून पुन्हा पुन्हा प्राणी उचलायचेच नसतात. याचा मला आजही त्रास होतो.

तर आता ही पुण्यातली लॅब. पहिल्याच कॉलवर त्यांच्या सायंटिस्टने विचारलं, मॅडम, कुठला प्राणी, टिश्यू कुठला, किती मिलीग्रॅम, इथेनॉलमध्ये आहे का फ्रोझन. गोगलगाय म्हटल्यावर लगेच म्हणाले, "मग किट नको, आपण सीटॅबने करू, आणि आधी सॉर्बिटॉलचे वॉश देऊ." एवढ्या एका वाक्यावर मी अर्धी तिथेच पटले. सीटॅब हे साबणासारखं रसायन, त्याची पद्धत मूळची झाडांच्या डीएनएची, मीठ भरपूर ठेवलं की पॉलिसॅकराइड सीटॅबबरोबर जातं आणि डीएनए मोकळा राहतो, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, २४ ला १. सॉर्बिटॉलचा वॉश त्याच्याही आधी, पेशी फोडण्यापूर्वीच, म्यूकस जेवढा निघेल तेवढा धुऊन काढायला. शिवाय पिपेटिंग रुंद तोंडाच्या टिपने, व्हॉर्टेक्स अजिबात नाही, कारण जोरात हलवलं की लांब धागे तुटतात. हे सगळं मला सांगावं लागलं नाही, त्यांनीच सांगितलं, आणि मी विचारलं तर तिथे उभं राहून बघूपण दिलं. पुण्यातच असण्याचा हा फायदा मी नुसता दर बघून कधीच मोजला नसता. ड्राय आइसचा थर्माकोल बॉक्स मांडीवर घेऊन रिक्षाने जायचं आणि सॅम्पल हातात द्यायचं, कुरियरवाल्याच्या गोडाऊनमध्ये रविवारभर पडून राहायची भीती नाही. परदेशात पाठवायचं तर जैविक विविधता कायदा २००२ खालची कागदपत्रं वेगळीच.

पहिल्या एक्स्ट्रॅक्शननंतर त्यांचा फोन आला, २६०/२३० कमी येतोय, तुकड्यांची लांबी चांगली आहे पण असंच लायब्ररीला घेतलं तर तुमचे पैसे जातील, आम्ही अजून एकदा क्लीनअप करून बघतो, थोडा डीएनए त्यात कमी होईल, चालेल का? हे विचारणं! कमी होईल हे आधी सांगणं, आणि माझं हो येईपर्यंत ट्यूबला हात न लावणं. दुसऱ्या क्लीनअपनंतर रेशो बराच सुधारला, क्यूबिट आणि नॅनोड्रॉप एकमेकांच्या जवळ आले आणि मगच त्यांनी पुढे घेतलं. मधल्या काळात त्यांनी अजून एक गोष्ट सुचवली जी पैशाच्या दृष्टीने त्यांच्या तोट्याची होती, की लाँग रीडची मोठी ऑर्डर लगेच देऊ नका, आधी थोडा शॉर्ट रीड डेटा घ्या आणि के-मरवरून (डीएनएचे ठराविक लांबीचे छोटे तुकडे किती वेळा येतात त्यावरून) जीनोमचा आकार काढा. बरोबरच आहे, कारण गोगलगायींच्या जीनोमचा आकार आधी अंदाजाने सांगताच येत नाही, गोड्या पाण्यातल्या बायोम्फॅलॅरियाचा ९१६ मेगाबेसच्या (मेगाबेस म्हणजे दहा लाख बेस) आसपास, आफ्रिकन गोगलगायीचा १.८५ गिगाबेसच्या (गिगाबेस म्हणजे अब्ज बेस) आसपास, युरोपातल्या बागेतल्या सीपियाचा तर ३.५ गिगाबेस, म्हणजे माणसापेक्षा मोठा. आकार माहीत नसताना ३० पट कव्हरेज (प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचणं) म्हणजे किती डेटा हेच ठरत नाही, आणि ग्रांटमधले पैसे एकदाच मिळतात. आमचा आकार किती आला ते पेपर येईपर्यंत इथे लिहिणार नाही, पण त्या छोट्या डेटामुळे ऑर्डर बदलावी लागली एवढं नक्की.

डेटा छान आला. हायफाय रीड्स (पॅकबायोचे लांब आणि अचूक रीड्स), लांबी जेवढी बोलले होते तेवढी, शेवाळाचं आणि बॅक्टेरियाचं मिश्रण मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. रॉ फाइल्स सगळ्या दिल्या, मागावं लागलं नाही, हार्ड डिस्क आपली न्यायची.

आता तक्रारी. कोटेशनमध्ये एक आकडा असतो आणि बिलात दुसरा. फसवणूक म्हणणार नाही, पण एक्स्ट्रॅक्शन वेगळं, क्यूसी (दर्जा तपासणी) वेगळं, जास्तीचा क्लीनअप वेगळा, लायब्ररी वेगळी, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, हे पहिल्या मेलमध्ये एका जागी लिहिलेलं नाही. पोस्टडॉकच्या ग्रांटमध्ये कन्झ्युमेबल्सचा हेड ठरलेला असतो, अकाउंट्सला परचेस ऑर्डर एकदा गेली की रक्कम बदलायची म्हणजे सगळ्या सह्या पुन्हा. तुम्ही सरळ सांगा की जीएसटीसकट, दोन क्लीनअप धरून, शेवटचा आकडा लिहून द्या. मागितला की देतात, न मागता देत नाहीत, आणि हे त्यांनी सुधारायला हवं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर, स्टार तिच्यामुळेच कापला. ॲनालिसिसचा रिपोर्ट. लॅबमध्ये हात चालणारी माणसं एवढी तयार आहेत आणि कॉम्प्युटरकडची बाजू मात्र ठरलेल्या साच्यातली. असेंब्ली किती पूर्ण आहे हे दाखवायला बुस्को (ठरावीक जीन असेंब्लीत सापडतात का ते तपासणारं सॉफ्टवेअर) चालवला तो युकॅरिओटाच्या २५५ जीनच्या संचावर, आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर भला मोठा टक्का. तो संच यीस्टपासून माणसापर्यंत सगळ्यांना चालतो, म्हणून तर तो सोपा पेपर आहे. मृदुकाय प्राण्यांचा स्वतंत्र संच आहे, ५,२९५ जीनचा, तो चालवायला हवा होता. सांगितल्यावर चालवून दिला, पैसे घेतले नाहीत, पण सांगेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. रिपीट्सचंपण तेच, रिपीट्सची तयार यादी (तिलाही लायब्ररीच म्हणतात) वापरली जिच्यात गोगलगायींचं फारसं काही नाही, त्यामुळे जीनोमचा मोठा भाग 'अनक्लासिफाइड'. आपल्या जीनोमवरून नव्याने लायब्ररी बनवून मग रिपीट्स मास्क करायचे, म्हणजे झाकून ठेवायचे असतात. हेटेरोझायगॉसिटी (दोन प्रतींत किती फरक आहे) आणि रन्स ऑफ होमोझायगॉसिटी, म्हणजे आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रती लांबच लांब सारख्याच आहेत असे पट्टे, जे बघून वस्तीत जवळच्या नात्यात किती प्रजनन झालंय ते कळतं, ते तर रिपोर्टमध्ये नव्हतंच. आणि धोक्यातल्या प्रजातीसाठी सगळ्यात आधी तेच हवं असतं! पीएसएमसीसारख्या पद्धतीने एकाच प्राण्याच्या जीनोमवरून त्याच्या पूर्वजांची संख्या हजारो वर्षांत कशी वर-खाली झाली तेपण काढता येतं, ती पद्धत २०११ पासून आहे. त्यामुळे माझा सल्ला, ॲनालिसिसचं पॅकेज घेऊच नका, तेवढे पैसे वाचवा, डेटा घ्या आणि स्वतः करा, किंवा ज्यांना मृदुकाय प्राण्यांचं कळतं अशा कोणाला तरी सोबत घ्या.

एका गोष्टीसाठी मात्र त्यांना मनापासून मार्क द्यायचेत, उरलेला डीएनए आणि टिश्यू. मला हे एवढं महत्त्वाचं का वाटतं तर या क्षेत्रात 'परत आणू नंतर' असं म्हणता येत नाही. ताहितीशेजारच्या मूरिया बेटावर १९७७ मध्ये आफ्रिकन गोगलगाय संपवायला म्हणून दुसरी शिकारी गोगलगाय सोडली, तिने तिथल्या पार्टुला गोगलगायीच खाल्ल्या, आणि दहा वर्षांत त्या बेटावरच्या जंगलातून त्या जवळजवळ संपल्या, प्राणीसंग्रहालयांत नेलेल्या थोड्या वाचल्या. हवाईमधल्या अकॅटिनेला ॲपेक्सफुल्व्हा प्रजातीचा शेवटचा माहीत असलेला प्राणी, जॉर्ज नाव होतं त्याचं, १ जानेवारी २०१९ ला मेला, आणि त्याच्या पायाचा मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा तुकडा आधीच २०१७ मध्ये काढून सॅन डिएगोला गोठवून ठेवला होता म्हणून आज त्या प्रजातीच्या पेशी तरी आहेत. आपल्या घाटातल्या गोगलगायीला नाव ठेवणारं कोणी नाही, तिची बातमी होत नाही, पण तिच्या टिश्यूची किंमत तेवढीच आहे. या लॅबमध्ये प्रत्येक ट्यूबवर कड्याचा कोड, तारीख, किती मायक्रोलिटर वापरले, किती उरले हे लिहून, उणे ८० च्या फ्रीझरमध्ये कुठल्या रॅकमध्ये आहे त्याची नोंद मला मेलवर आली. मोठमोठ्या ठिकाणी हे होत नाही, ट्यूब मागितली तर 'डिस्कार्ड केली' असं उत्तर मिळालेले दोघं-तिघं माझ्या ओळखीत आहेत.

कोणी जावं? ज्यांच्याकडे एकच किंवा मोजकी सॅम्पल्स आहेत, मृदुकाय, जळू, शेवाळ, असलं काहीतरी चिकट आणि अवघड, त्यांनी नक्की जावं. ज्यांच्याकडे शेकड्याने सॅम्पल्स आहेत आणि फक्त शॉर्ट रीड रिसीक्वेन्सिंग हवंय त्यांना इथे महाग पडेल, आणि टीम छोटी असल्यामुळे वेळही लागेल. मार्चएंडला तर अजिबात देऊ नका, सगळ्यांना ग्रांट संपवायची असते, रांग लागते. पावसाळ्यात फील्ड करणार असाल तर निघायच्या आधीच स्लॉट बोलून ठेवा, म्हणजे घाटातून नायट्रोजनच्या डब्यात आलेलं सॅम्पल फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहणार नाही.

हाय-सी (गुणसूत्राचे कुठले भाग पेशीत एकमेकांजवळ असतात ते बघून तुकडे जोडायची पद्धत) ते करत नाहीत, म्हणजे गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत असेंब्ली न्यायची तर दुसरीकडे जावं लागणार आणि त्यासाठी डीएनए चालत नाही, अखंड पेशी असलेलं टिश्यूच लागतं. म्हणून सगळा पाय एक्स्ट्रॅक्शनला देऊ नका, एक तुकडा गोठवलेला स्वतःकडे ठेवा. आणि सबमिशन फॉर्मवर अगदी खाली 'उरलेलं सॅम्पल परत हवे' असा रकाना आहे, तिथे टिक करायला विसरू नका, नाहीतर काही महिन्यांनी त्यांच्या नियमाप्रमाणे ते नष्ट करतात.